पलंगाजवळचा थांबा

बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय डुगडुगतो. इकडे दिव्याजवळ या. आणि आवाज जरा बेताचा ठेवा, पुढच्या खोलीत ही बसली आहे.

दाखवा तुमचं खेळातलं इंजिन. हं. धुराड्याची कड तुटली आहे, चाकांत केस गुंतलेत, आणि हा रंग कोणी दिला? भिंतीला चुना फासावा तसा फासलाय! माफ करा, जीभ माझी तिखटच. पण एवढ्याशा इंजिनाला रंग द्यायचा म्हणजे आधीचा सगळा उतरवावा लागतो, पितळ लख्ख करावं लागतं, आणि मग एअरब्रशच्या फवाऱ्यानं इतका पातळ हात द्यावा लागतो की खिळ्याचं एकेक डोकं मोजता यावं. देईन करून. धुराडंही नवं वळवून देईन. फक्त एक अट आहे. मी ते चालवून बघणार नाही. चालवायचं ते तुम्ही, तुमच्या घरी.

का म्हणून विचारता? बरं, ऐका.

गेल्या हिवाळ्यात ही मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. हृदय तोळामासा, त्यामुळे ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले डॉक्टर. पायाला दोरी बांधून पलंगाच्या टोकाशी वजन लटकवलं आणि मला बजावलं, “आजोबा, यांना इंचभरही हलवायचं नाही.” घरात ऊन येणारी खोली एकच, ती माझ्या कामाची. मग तिथेच हिचा पलंग लावला. माझं टेबल एका भिंतीला, हिचा पलंग समोरच्या. ही म्हणायची, “अहो, ऐकलंत का, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही इतका वेळ माझ्यासमोर बसताय. तेसुद्धा इंजिनांच्या कृपेनं!”

त्या खोलीत भिंतींना लागून चारी बाजूंनी फळी ठोकलेली आहे, तिच्यावर रूळ. दुरुस्त झालेलं इंजिन मी त्यावर फिरवून बघायचो. रूळ हिच्या गादीला अगदी लागूनच जातो, हात लांब केला तर पोचेल. औषधाची गोळी एका उघड्या डब्यात ठेवून मी इकडून गाडी सोडायचो, ती हिच्यापाशी पोचायची. ही गोळी उचलायची आणि डब्यात काहीतरी परत पाठवायची. कधी बटण, कधी खोबऱ्याचा तुकडा, एकदा तर चक्क माझीच हरवलेली कवळी. असे बरे दिवस चालले होते. हाड जुळत होतं.

तेव्हा ते गृहस्थ आले. गळ्यात मफलर, बोलणं अदबीचं. मऊ कापडात गुंडाळलेलं काळं इंजिन त्यांनी टेबलावर असं ठेवलं, की झोपलेलं मूल ठेवतोय माणूस. डबा एकही नाही, नुसतं इंजिन. रंगाचे पापुद्रे निघालेले.

“फक्त रंग द्या,” ते म्हणाले. “जरा जाड द्या. फार गारठतं. आणि चालवू नका.”

गारठतं? इंजिन? मी हिच्याकडे बघितलं, हिनं डोळे मिचकावले. “साहेब, चहा घेऊन जा,” ही पलंगावरून म्हणाली, “हेच करतील, पण चहा म्हणून पाजतील मात्र पाणीच.” ते हसले नाहीत. जाताना त्यांनी एकदा इंजिनावरून हात फिरवला.

आता तुम्हीच सांगा, रंगवलेलं इंजिन न चालवता परत कसं द्यायचं? रंग सांध्यात उतरतो, चाकांचे दांडे अडकतात, आणि नाव आमचं खराब होतं. रंग वाळला, लाल रेघा ओढून झाल्या, आणि एका दुपारी मी ते रुळावर ठेवलं.

रुळात वीज सोडायच्या खटक्याशेजारी एक मीटर आहे. इंजिन किती वीज ओढतं ते त्याचा काटा दाखवतो. भार जास्त असला की काटा वर, एकटं इंजिन असेल तर खालीच. बटण फिरवलं तशी ते निघालं, आणि काटा पार वर गेला. मागे डबा नाही, चढ नाही, आणि भरलेली मालगाडी ओढावी इतका भार! दांडे अडकले असतील म्हणून मी वाकून बघतो, तर चाकं लोण्यासारखी फिरत होती.

इंजिन फेरी मारून हिच्या पलंगाजवळ आलं आणि थांबलं. आपणहून. खटका चालू होता. पलंगाच्या टोकाचं वजन किंचित हललं. मग इंजिन निघालं, आणि काटा... काटा थोडा उतरला होता.

“अहो, ऐकलंत का,” ही म्हणाली, “तुमच्या इंजिनालासुद्धा माझ्याजवळच थांबावंसं वाटतं.”

मी रूळ स्पिरिटनं पुसला, चाकं पुसली. दुसरं इंजिन सोडलं, ते सुसाट गेलं. परत हे सोडलं. हे तिथेच थांबलं, वजन हललं, काटा आणखी उतरला. मला नाद लागला. खोट सापडेपर्यंत मी जेवत नसतो. संध्याकाळ होईस्तोवर ते हलकंफुल धावू लागलं, काटा तळाशी. सुटला गुंता, असं मी म्हटलं आणि खुशीत इंजिन कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही म्हणाली, “पायावरची चादर काढा हो, जड होतेय.” चादर नव्हतीच पायावर. दुपारी म्हणाली, “कोण बसलंय पायथ्याशी?” मी हसण्यावारी नेलं. पण मग मी गादीकडे नीट बघितलं. गादीला खळगे पडले होते. ही निजली होती तिथे एक, आणि कडेकडेनं आणखी, माणसं दाटीवाटीनं बसावीत तसे. खोलीला वास येत होता, ओल्या लोकरीचा आणि विझलेल्या कोळशाचा. हिचा पाय हातात घेतला तर बर्फ.

हिची थट्टा आटली. जेवण सुटलं. “सरकायला सांगा ना त्यांना,” एवढंच म्हणायची, अगदी हळू, त्यांना ऐकू जाऊ नये अशी. डॉक्टर आले, नाडी बघितली. बाहेर येऊन म्हणाले, “हाड ठीक आहे. पण त्या खचत चालल्यात. असंच राहिलं तर आठवडा काढणं कठीण.” एवढ्या वर्षांत मी हिच्याशिवाय एकदाही जेवलेलो नाही हो!

मी त्या गृहस्थांना फोन लावला.

“चालवलंत तुम्ही,” ते म्हणाले. “ती आमची घरची माणसं आहेत. एकाच आजारात गेली, पण घर सोडेनात. मला घर विकावं लागलं. त्यांना कुठे ठेवणार होतो मी? म्हणून गाडीत...”

“ते मला सांगू नका. बाहेर कशी काढू?”

“उलटी चालवा. जिथे ऊब बघून उतरली तिथूनच चढतील. पण त्या जागी जितंजागतं माणूस असता कामा नये. गाडीला आपला-परका कळत नाही हो. जो असेल तो चढतो.”

झाली ना पंचाईत! हिला हलवलं तर हाड जातंय, हृदयही जातंय. न हलवावं तर ही अशी विझतेय. मी विचार केला. पहिल्या फेरीला काटा कुठे होता ते मला पक्कं आठवत होतं. ती माझी आयुष्यभराची सवय आहे. मीटरच्या काचेवर त्या जागी मी लाल रंगाचा ठिपका दिला. काटा ठिपक्याला टेकला की सगळी चढली. तिथे थांबायचं. त्यापुढे एक फेरीही नाही.

हिला सगळं सांगितलं. हिनं माझा हात धरला. “अहो, ऐकलंत का,” म्हणाली, “नीट बघा मीटरकडे. नाहीतर मला पाठवाल आणि त्यांच्यासाठी स्वयंपाक करत बसाल.” किती दिवसांनी हसली. मी पण हसलो.

भरदुपार होती. बाहेर कोणीतरी सायकलला हवा भरत होतं. मी उलटा खटका टाकला. इंजिन मागे मागे जात पलंगाजवळ पोचलं आणि थांबलं. पलंग कुरकुरला, गादीची एक बाजू सावकाश वर आली. वजन हललं. इंजिन निघालं, काटा चढला.

मी पाठ फिरवून मीटरला डोळे लावून उभा होतो. फेरीमागून फेरी... कुरकुर... मग काटा. खोलीतला वास विरत चालला होता. मला ऊन जाणवायला लागलं. काटा चढत चढत ठिपक्याला आला. टेकला. अगदी नेमका, केसाचंही अंतर नाही. मी खटक्याकडे हात नेला.

“थांबू नका,” मागून आवाज आला. “एक राहिलंय.”

मी काट्याकडे बघितलं. “सगळी चढली गं. मीटर खोटं बोलत नाही.”

“लहान आहे. पायाशी बसलंय. त्याला वजनच नाही, तुमच्या मीटरला काय कळणार? एकच फेरी... मला फार गार लागतंय.”

काय करायचं सांगा? यंत्राचं ऐकायचं की बायकोचं? मी हात मागे घेतला. इंजिन फिरून पलंगाजवळ गेलं. थांबलं. या वेळी जरा जास्तच थांबलं. पलंग कुरकुरला. मग ते निघालं आणि काटा ठिपक्याच्या पुढे गेला. चांगला बोटभर पुढे.

मी खटका बंद केला. वळायला धीर होईना.

“गेलं एकदाचं,” ही म्हणाली.

ही उशीला टेकून बसली होती, गालांवर रंग आलेला. पाय गरम. संध्याकाळी पोटभर जेवली. मी देवाचे आभार मानले, लहान पोरासारखा रडलो. पंधरवड्यात वजन काढलं, महिन्यात ही काठी घेऊन चालायला लागली. डॉक्टर म्हणाले, असं कधी पाहिलं नाही. मी स्वतःला समजावलं की शेवटच्या फेरीत ते पोरच चढलं. बोटभर काटा चढला तो चढला. जुनं मीटर, म्हटलं, लागलं असेल चुकायला.

मग गृहस्थ इंजिन न्यायला आले. दार हिनंच उघडलं. पहिल्या खेपेला ‘साहेब’ म्हणणारी ही, त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिनं त्यांच्या गालावरून हात फिरवला.

“किती वाळलास रे बारक्या,” ती म्हणाली. “जेवतोस ना नीट?”

त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली. मला वाटलं, आता हा माणूस पळत सुटणार. पण ते तिथेच उंबऱ्यावर बसले, तिच्या पायांना मिठी मारून, आणि रडले. माझ्याकडे त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. इंजिन मागितलं नाही. आता रोज दुपारी येतात. तिच्याजवळ बसतात, ती त्यांना सोलून फळं देते, दोघं हळू आवाजात बोलतात. मी आत गेलो की गप्प होतात. म्हणून काम मी इकडे मागच्या खोलीत आणलं.

इंजिन माझ्याकडेच आहे. सरळ चालवलं तर उतरतील, एवढं मला कळतं. त्या शेवटच्या थांब्यात ती उतरली आणि ही चढली, जित्याचा भार जास्त म्हणून काटा पुढे; आणि सगळ्यात शेवटी चढलेली सगळ्यात आधी उतरेल, असाही माझा हिशेब आहे. पण ती जागा मोकळी नसते. हिच्या अंगात जी आहे ती दिवसभर तिथेच बसून असते, पलंगाच्या त्याच कडेला, रुळावर हात ठेवून. निजतेही तिथेच.

परवा तिचा डोळा लागला होता. हातही रुळावरून खाली ओघळला होता. मी चोरपावलांनी गेलो, इंजिन ठेवलं, बटण अगदी कणभर फिरवलं. इंजिन पलंगाजवळ गेलं. थांबलं. मी वाट बघितली. काटा जिथल्या तिथे.

“नका त्रास घेऊ,” ती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. “ती गाडीच्या दारातच उभी आहे. पण मी काही सरकायची नाही.”

आवाज अगदी हिचाच होता.