कागदावर नसलेला सूर

पटलं तर घ्या... पण यात पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

माझी मावसबहीण मृणाली भिवंडीत धामणकर नाक्याजवळ राहते. बँडवाल्यांचं छापील नोटेशन स्कॅन करून, कॉम्प्युटरवर हवं तसं बदलता येईल असं करून देते.

मार्गशीर्षातला शुक्रवार. भर दुपार. शेजारचे कापडाचे लूम सुट्टीमुळे बंद. घरात ती एकटी.

अंबाडी गावचे बँडमास्तर केसरीनाथकाका सकाळीच एक जुना कागद देऊन गेले होते. त्यांच्या भावाने, सावळारामने रचलेली वरातीची चाल. सावळाराम आता हयात नाही. त्याची लेक पूर्वी, हिच्या वरातीत ती चाल त्याचा मुलगा हितेश क्लॅरिनेटवर वाजवणार होता.

"पोराचा दम वरच्या सुरापर्यंत पोचत न्हाय," काका म्हणाले होते. "चाल जरा खाली उतरवून दे, बाय."

कागदावर तीन वाद्यांच्या तीन ओळी.

स्कॅन झाला...

स्क्रीनवर चार.

चौथी ओळ रिकामीच. शेवटी फक्त एक सूर. खूप वरचा. कागदावरचा डाग असेल, असं समजून तिने ती ओळ पुसली. चाल खाली उतरवली. वाजवून पाहिली.

मध्येच सगळी वाद्यं थांबली.

आणि स्पीकरमधून... कोणीतरी खोल श्वास घेतला.

तिने स्पीकरची वायर उपटली.

श्वास चालूच. आता... तिच्या पाठीमागे.

मागे वळायची हिंमत होईना. तिने तसाच काकांना फोन लावला. "काका... ऐकू येतंय तुम्हाला?"



"सावळ्या हाय तो," काका म्हणाले. "वरचा सूर लावायला असाच दम भरला त्यानं, भर वरातीत... आन् तिथंच पडला. सूर न्हाय निघाला, बाय."

श्वास थांबला.

स्क्रीनवर चौथी ओळ परत आली होती.

"पुसू नको," काका एवढंच म्हणाले.

तिने पुसली नाही. पण प्रिंट काढली, तेव्हा कागदावर तीनच ओळी उमटल्या.

वरातीला मीही होतो. हितेश खालच्या पट्टीत छान वाजवत होता. वरच्या सुराची ती जागा आली, आणि त्याला हुंदका आवरेना. क्लॅरिनेट ओठांपासून खाली आलं.

सूर मात्र लागला.

वरचा. लांबलचक. स्वच्छ.

नाचणारे जागच्या जागी उभे राहिले. काकांनी हात जोडले. नवरी पूर्वी घोड्यासमोरच मटकन खाली बसली.

नंतर मृणालीने मला बाजूला घेतलं.

"तो सूर थांबला कधी रे?"

मला आठवेना. तिलाही.

वरातीतल्या कोणालाच ते आजवर सांगता आलेलं नाही.