काटा शून्यावर

"ही टाच एक दिवस माझा जीव घेणार," खाली वाकून वायर जोडता जोडता डॉ. नजमा पटवेकर पुटपुटल्या. "सकाळी पहिलं पाऊल टाकलं की नुसती सुई."

शेजारच्या खुर्चीतल्या रेणुका बोपचेने ते कौतुकाने ऐकलं. दुखणं म्हणजे काय, हे तिला जन्मापासून माहीत नव्हतं. पोळ्या करताना करपल्याचा वास आला, की ती आधी तव्याकडे बघायची आणि मग आपल्या बोटांकडे.

चौकशी केंद्रात तिला आणलं होतं ते याच गुणावर. नव्या कायद्याप्रमाणे कैद्याला यातना द्यायच्या तर वेदनाबंध लावूनच. यंत्र किती वेदना देतंय ते काटा दाखवायचा. बंध मात्र कैद्याला जे जे दुखेल ते सगळं विचारणाऱ्याच्या पदरात टाकायचा. काटा शंभरापर्यंत जायचा, पण तीन वर्षांत कुणी अधिकारी विसाच्या पुढे गेला नव्हता. कायदा करणाऱ्यांना हेच तर हवं होतं. मग कापूस बाजारात स्फोट झाला. अकरा माणसं गेली, आणि दुसरा बॉम्ब शहरात कुठेतरी ठेवलेला होता. अधीक्षक गावंड्यांनी शोधून शोधून न दुखणारी बाई आणली.

समोर पट्ट्यांनी बांधलेला सुबोध लांजेवार होता. बाजारातली पिशवी त्यानेच ठेवली होती, आणि तसं कबूलही केलं होतं.

"नव्वदपर्यंत न्यायचं," गावंडे म्हणाले. "तुम्हाला काय बाई, मजाच आहे."

डॉक्टरांनी बंध जोडला आणि रेणुकाचा श्वास अर्ध्यात अडला. उजव्या कुशीत काहीतरी आत घुसत होतं.

"डॉक्टर, हे काय आहे?"

"दुखणं," नजमा हळूच म्हणाल्या. "तुमच्या नसा मुक्या आहेत, मेंदू नाही. आणि बंध नसांच्या वाटेने येतच नाही, थेट मेंदूत उतरतो."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" गावंडे तडकले.

"तुम्ही विचारलं नाहीत, साहेब."

"पण काटा तर शून्यावर आहे," रेणुका म्हणाली. "यंत्राने अजून काही दिलेलंच नाही."

गावंडे भिंतीवरच्या शहराच्या नकाशाकडे बघत राहिले.

"खोल श्वास घेऊ नका, ताई," सुबोध म्हणाला. "वरच्यावर घ्या. मला कालपासून तसंच बरं पडतंय."

तिने तसं केलं. कळ खरंच उणावली. अकरा माणसं मारणाऱ्याने आपल्याला श्वास शिकवावा, याचा तिला रागच आला.

"आधीच मारलंय, तर मला कशाला बसवलंत, साहेब?"

"फासळी मोडलीय त्याची. यंत्राच्या झटक्याने मोडली, असं लिहिता आलं असतं." गावंडे स्टुलावर बसले. त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. "मीच मारलं, बाई. दुसऱ्या बॉम्बचं त्याला काही ठाऊक नाही, हे मला काल पाच मिनिटांतच कळलं होतं. तरी मी थांबलो नाही."