सिद्धरामचा वाटा

खानावळीच्या मागच्या दारात एक तरुण उभा राहिला आणि त्यानं चक्क चिंचोके मागितले. शिवगंगाला हसू आलं. लातुरात क्लासच्या पोरांना जेवू घालताना तिच्याकडं कुणी लोणचं मागे, कुणी सार… चिंचोके आजवर कुणी मागितले नव्हते.

"खेळायला पाहिजेत व्हय?"

"औषधाला," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

तो वीरेश, मुरुडचा, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. घोंगडीला देतात तीच चिंचोक्याची खळ. तो तिचे ज्वारीएवढे मणी करी आणि त्यांत लोह भरी. पोटात मणी फुगतो, लोह एकदम न सांडता पुढं आतड्यात हळूहळू सुटतं — हे सांगताना त्याचे हात बोलत आणि ती त्याची बोटं बघत राही. चिंचोके रोज लागत नसत. तो मात्र रोज यायचा.

पण शिवगंगाच्या घरात हसू फार टिकत नसे. भूकंपात गाव गेलं, वडील गेले, धाकटा भाऊ सिद्धराम गेला. उरलेली आई, शरणम्मा, वर्षागणिक पांढरी पडत चालली होती. लोहाच्या गोळ्यांनी तिच्या पोटात आग पडे. रक्त असंच उतरत गेलं तर हृदय साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनाच विचारून वीरेशनं मणी दिले. शिवगंगानं आशा धरली… मण्यांची की वीरेशची, हे तिचं तिलाच कळेना.

रक्त वाढलं नाही. पुढच्या तपासणीत आणखी उतरलं. आपलेच मणी खोटे, असं म्हणून वीरेश खचला आणि यायचा बंद झाला.

मग एका दुपारी शिवगंगाला ते दिसलं. भूकंपापासून आई आधी सिद्धरामचं पान वाढायची, ते गाईला घालायची, मगच स्वतः जेवायची. त्या पानावर, भाकरीच्या कडेला, आईच्या वाट्याचे सगळे मणी होते.

"आई… हे तुझं औषध हाय."

"रगत तर त्याचं गेलं की," आई म्हणाली. "त्या राती मी रागावले, लेकरू उपाशी निजलं. आता त्याचं सोडून माझ्या तोंडात कसं घालू?"

शिवगंगानं कॉलेजात जाऊन वीरेशला सगळं सांगितलं. तो हसला नाही, आईला समजावायलाही आला नाही. दुसऱ्या दिवशी आला तो दोन डब्या घेऊन. एकीवर लिहिलं होतं शरणम्मा, दुसरीवर सिद्धराम.

आई त्या दुसऱ्या नावावरून बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग तिनं त्या डबीतला मणी पानावर ठेवला, आणि आपल्या डबीतला न चावता गिळला.

मागच्या दारात शिवगंगा डोळे पुसत म्हणाली, "त्याच्या डबीत नुसती खळच असंल ना?"

"न्हाई. दोन्हीत सारखंच लोह हाय."

"का?"

तो चिंचोक्यांसाठी आणलेल्या रिकाम्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिला. "मेहुण्याला फसवून… सुरुवात कशी करायची?"

आई जगेल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. शिवगंगा रडली, आणि रडता रडताच त्याच्या हातातली पिशवी घेऊन चिंचोके भरू लागली.