सुट्या थेंबांची साक्ष

फैजपूरच्या वरच्या अंगाचा तलाव फुटला, त्या सकाळी झुंबरबाईचं प्रेत बाभळीच्या कुंपणात सापडलं. दुपारी तिचा नवरा उखर्डू कोठडीत होता. तलावाचं गेट उघडायचं काम त्याचं, आणि पुराच्या वेळी तो झोपलेला.

इन्स्पेक्टर वाल्मीक सपकाळेंनी फिरवून फिरवून विचारलं. त्याचं उत्तर एकच.

"मी झोपलो व्हतो, साहेब. झुंबर माह्याच पापानं गेली."

इतकी आयती कबुली सपकाळेंच्या पचनी पडेना. ते तलावावर गेले. बांध फुटला होता. पण शेजारचा सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी आपोआप निघून जायची दगडी वाट, शाबूत होता. त्याच्या फटींत केळीच्या खोडांची सोपटं, म्हणजे सालीचे थर, गच्च अडकले होते.

आठवड्याने उखर्डूवरचा आरोप उभा राहिला तो बांध का फुटला हे सांगणाऱ्या, जळगावच्या प्राध्यापक पितांबर भंगाळेच्या अहवालावर. त्याने संगणकावर पाण्याचा प्रोग्रॅम लिहिला होता. इतर लोक पाण्यावर चौकोनांची जाळी कल्पून गणित करत. याने जाळी टाकलीच नव्हती. याचं पाणी म्हणजे हजारो सुटे कण, एकमेकांना ढकलत जाणारे. माणूस हुशार खरा, आणि शहाण्णव साली अशी हुशारी कुणी तपासत नसे.

सपकाळेंनी जळगावला जाऊन तो प्रोग्रॅम त्याला चालवायला लावला. पडद्यावर पाण्याचे ठिपके चढले, बांधावरून सांडले.

"गेट बंद होतं म्हणून," पितांबर म्हणाला.

"आता उघडं ठेवून दाखवा."

फार वेळ लागेल, असं त्याने सांगून पाहिलं. सपकाळेंनी चहा मागवला आणि बसून राहिले. अखेर ठिपके पुन्हा चढले, आणि पुन्हा बांधावरून सांडले.

"सांडव्यातले हे ठिपके हलत का नाहीत?"

"चूक राहिली असेल."

"चूक नाही, सर. सांडवा मोकळा ठेवला तर पडद्यावरचा तुमचा बांध फुटतच नव्हता. म्हणून तुम्ही तो बुजवला, आणि अहवालात मात्र गेटवर ढकललंत. घड कापल्यावर खोडं नाल्यात लोटायची, ही आपल्याकडची सगळ्यांचीच खोड. पूर नेतो म्हणतात. यंदा ती सांडव्यात अडकली. वरच्या अंगाला कापणी झालेला बाग एकच आहे. तुमच्या वडिलांचा. सांडव्यात काय होतं हे तुम्हाला ठाऊक होतं."

पितांबरने पडदा बंद केला. आबांनी मुद्दाम केलं नाही, एवढंच तो म्हणाला.

"त्यांनी नाही. तुम्ही केलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी."

त्याच संध्याकाळी सपकाळेंनी कोठडी उघडून उखर्डूला सगळं सांगितलं. तो उंबऱ्यावर बसला.

"मंग मी जागा राह्यलो असतो, तरी ती गेली असती?"

"हो."

बायको गेल्यापासून उखर्डूच्या डोळ्यांना पाणी नव्हतं. आता तो रडू लागला, आणि सपकाळेंना ते थांबवणं जमलं नाही.