कॉर्नेटची जागा

त्या वर्षी ग्वाल्हेरात धुकं लवकर उतरलं. डिसेंबर नुकताच लागला होता, तरी दिवेलागणीच्या आधीच रस्ते दिसेनासे व्हायचे. शरयू मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची आणि शाळा सुटली की मोतीमहालाजवळच्या बागेतून घरी जायची. त्या संध्याकाळी शाल कानांवरून घट्ट ओढून ती झपझप चालली होती, ती मधेच थबकली.

बँड वाजत होता.

वरातीचा नव्हे. सूर ओळखीचे होते, लहानपणी दर रविवारी वडिलांचं, नानांचं बोट धरून ऐकलेले. संस्थानच्या घोडदळाचा, रिसाल्याचा बँड याच बागेतल्या गोल चबुतऱ्यावर वाजायचा. पण संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला, आणि बँड बंद पडूनही आता पाच-सहा वर्षं होऊन गेली होती.

ती आवाजाच्या रोखानं गेली. चबुतऱ्यावर कोणी नव्हतं. ओलं छत, ओले खांब... आणि पायरीवर बसलेला एक तरुण, गळ्याशी मफलर, डोळे मिटलेले. शेवटचा सूर धुक्यात विरला तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि समोर तिला पाहून तो दचकून उभा राहिला.

"तुम्हाला... ऐकू आलं?"

शरयूनं होकारार्थी मान हलवली.

"शुक्र आहे," तो म्हणाला. "मला वाटायला लागलं होतं, मीच पागल झालोय."

"कोण वाजवतंय?"

"कोणी नाही. चारी बाजूंनी फिरून बघितलंय मी." मग तो जरासा हसला. "पण वाजवतात काय, नाही? तो कॉर्नेट ऐकलात? आखिरला कसा वर चढला..."

"कॉर्नेट? कॉर्नेट कुठं होता?"

"कमाल करता. सगळा मार्च कॉर्नेटवर तर होता."

"मी गाणं शिकवते हो. दोन क्लॅरिनेट होते, एक ट्रॉम्बोन होता, ढोल होता. कॉर्नेट नव्हता."

छताच्या कडेवरून पाणी टपकत होतं.

"तुम्ही किती जण ऐकलेत?" त्यानं हळूच विचारलं.

"सात... फार तर आठ."

"मी तीस तरी ऐकले," तो म्हणाला.

त्याचं नाव सूर्याजी भोईटे. सचिवालयात कारकून होता, मोतीमहालातच. त्याचे वडील मल्हारराव याच बँडात पहिला कॉर्नेट, ते तुतारीसारखं आखूड पितळी वाद्य, वाजवायचे. हे सगळं त्यानं बागेच्या फाटकापर्यंत तिला सोडताना सांगितलं. दोघंही भ्यालेली होती, आणि भ्यालेल्या माणसांना बोलायला बरं वाटतं.

आता हा बँड म्हणजे ग्वाल्हेरच्या मराठी घरांतला भांडणाचा हक्काचा विषय. भांडण कसलं, सगळे एका बाजूला असायचे. गोव्याहून आलेल्या मिनेझिस मास्तरांचा जमाना, तोच खरा जमाना. चाळीस वादक, आरशासारखं पितळ, एक पाय चुकणार नाही. त्यानंतर सगळी उतरती कळा, असं नाना म्हणत, शेजारपाजारचे म्हणत, सराफ्यातले दुकानदारही म्हणत. शरयूला मात्र बँडचे अगदी शेवटचे दिवस आवडायचे. विलीनीकरणानंतर तरण्या वादकांना फौजेनं दूरदूरच्या छावण्यांत नेलं. मागे उरलेले सात-आठ म्हातारे विटक्या कोटांत यायचे आणि रविवारी जमेल तसं वाजवायचे. तेच तिला आवडायचं. एकदा हळदीकुंकवाला ती हे बोलून गेली, तर शेजारच्या सुमनताई म्हणाल्या होत्या, "हिला पंगतीत उष्टंच गोड लागेल."

सूर्याजीचं मत आणखीच निराळं निघालं. पुढच्या संध्याकाळी तो पायरीवर कागदाच्या पुडीत तीळ-गुळाची कुरकुरीत गजक घेऊन बसला होता. तिनं एक तुकडा उचलला आणि वाद सुरू झाला.

"मिनेझिस मास्तरांचा बँड म्हणजे कवायत," तो म्हणाला. "साहेब लोकांच्या चहाला वाजवलेला. खरा बँड महायुद्धाच्या वर्षांतला. मास्तर गेले, बाबांच्या हाती सगळं आलं. मार्च वाजवता वाजवता बाबा मधेच ठुमरीत शिरायचे, आणि मागचे तीस जण त्यांच्या मागं मागं. घोडेसुद्धा चुकायचे."

"गोंधळ नुसता. नाना तर कानांवर हात ठेवायचे."

"आणि तुम्ही?"

"मी लहान होते," शरयू म्हणाली. मग खरं सांगितलं, "मला हसू यायचं."

"चला. म्हणजे मास्तरांच्या बाबतीत तरी आपलं जमतं."

"तेवढ्यावर किती दिवस निभणार?"

त्यानं पुडी तिच्यापुढे सरकवली. "भोपाळला जाईपर्यंत तर निभेल."

नोव्हेंबरात नवं मध्यप्रदेश राज्य झालं होतं आणि राजधानी भोपाळला गेली होती. मोतीमहालातलं एकेक खातं ट्रकांत चढत होतं. कपाटं, टेबलं आणि त्यांच्यामागे माणसं. सूर्याजीच्या खात्याची पाळी संक्रांतीनंतर होती.

ती रोज जायला लागली. घरी सांगायची, शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम आहे. कधी काही वाजायचं नाही, आणि मग दोघं नुसतीच बोलत बसायची. कधी सूर इतके जवळून यायचे की शरयूच्या मानेवर कोणाचा तरी श्वास लागल्यासारखं व्हायचं. पितळ घासायच्या पावडरीचा वास यायचा. एकदा चबुतऱ्याच्या दवानं भिजलेल्या फरशीवर खुर्च्यांच्या पायांचे कोरडे ठसे तिला दिसले, अर्धगोलात, आणि ती सूर्याजीच्या जवळ सरकली. त्यानं आपला मफलर काढून तिच्या हातांभोवती गुंडाळला, एवढंच. त्या मफलरला त्याच्या अंगाची ऊब होती, आणि घरी जाईपर्यंत ती शरयूच्या बोटांत राहिली.

"तुम्हाला भीती वाटत नाही?" तिनं एकदा विचारलं.

"वाटते ना. पण बाबा वाजवतायत, मग उठून कसं जाऊ?"

मग त्यानं बाबांचं काय झालं ते सांगितलं. फौजेचे अधिकारी वादक निवडायला आले तेव्हा मल्हाररावांचे पुढचे दात पडलेले होते. त्यांनी कॉर्नेट ओठांना लावला, सूर फुटला नाही, आणि त्यांना घरी पाठवलं गेलं. त्यानंतर ते बोलेनासेच झाले. बागेत उरलेले लोक वाजवत असले तरी ते तिकडे फिरकले नाहीत. पुढे बँडही बंद झाला. मग एका थंडीत, अशाच धुक्यात, त्यांनी जेवता जेवता मान वर केली. "माझी वाट बघतायत," म्हणाले, आणि कॉर्नेट घेऊन निघून गेले. सकाळी माळ्याला ते याच चबुतऱ्यावर सापडले. बसलेले, कॉर्नेट ओठांशी.

शरयूनं त्याच्या हातावर हात ठेवला, आणि त्या दिवशी दोघांनीही काही ऐकलं नाही.

जानेवारी लागला तसा सूर्याजी बदलत चालला. गालफडं बसली. बोलता बोलता त्याचं लक्ष उडायचं, मान एका बाजूला कलायची. आता त्याला बँड कचेरीतही ऐकू यायचा, नळाखाली तोंड धुतानाही.

"कॉर्नेट आजकाल मधेमधे थांबतो," तो एकदा म्हणाला. "आधी नव्हता थांबत. बाबा दमलेत, शरयू. कोणीतरी त्यांच्या जागी बसायला हवं."

त्यानं पहिल्यांदाच तिला नुसत्या नावानं हाक मारली होती. एरवी तिला किती गोड वाटलं असतं ते. पण त्या क्षणी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"तुम्ही भोपाळला जाणार आहात," ती म्हणाली.

"हं," तो म्हणाला, आणि रिकाम्या चबुतऱ्याकडे बघत राहिला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी शरयू शाळेत मुलींना गाणं सांगत होती, तेव्हा दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, पायांत चपला नाहीत. सूर्याजीची आई विजयाबाई. शरयूनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण डोळे त्याचेच होते.

"तू शरयू ना? तो झोपेत तुझं नाव घेतो," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मी धान्याच्या कोठीत दडवला होता ग तो कॉर्नेट. आज पाहते तर नाही. मी बागेपर्यंत गेले... हाका मारल्या. तो बघतच नाही माझ्याकडे."

शरयू धावली. बागेत शिरली तेव्हा हातभर पलीकडचं दिसत नव्हतं. आवाजावरूनही या वेळी वाट कळेना. बँड सगळीकडून वाजत होता. सवयीच्या वाटेनं ती चबुतऱ्यापाशी पोचली. वर सूर्याजी एकटा उभा होता, पहिल्या रांगेत, उजव्या टोकाला. हातात कॉर्नेट. आणि त्याच्या शेजारी, मागे, माणसांच्या तोंडाच्या उंचीवर, थंडीत श्वासाची वाफ निघावी तशी वाफ निघत होती. वाफ होती, माणसं नव्हती.

त्यानं कॉर्नेट ओठांकडे नेला.

"बेसूर वाजवणार तुम्ही," शरयू म्हणाली.

का कोण जाणे, तिच्या तोंडून विनवणी निघाली नाही. इतके दिवस त्याच्याशी वाद घातला होता, तोच निघाला. सूर्याजीची बोटं थांबली, पण त्यानं वळून पाहिलं नाही.

"ते थांबलेत माझ्यासाठी," तो म्हणाला. आवाज फार लांबून आल्यासारखा.

"नाही थांबलेले. नीट ऐका. तुम्ही नेहमी कॉर्नेटच ऐकत आलात, बाकीच्यांकडे लक्षच दिलं नाहीत." ती पहिल्या पायरीवर चढली. पायाखालचा दगड बर्फासारखा होता. "मला शेवटचा बँड का आवडायचा, तुम्ही कधी विचारलंत? तुम्हाला वाटलं, तुमचे बाबा त्यात नव्हते म्हणून. अहो, होते ते. त्यांची ओळ आली की दोन्ही क्लॅरिनेट गप्प व्हायचे. ढोल हळू व्हायचा. तेवढा वेळ ती म्हातारी माणसं नुसती ताल धरून बसायची, खाली बघत. कुठल्याही वादकानं ती ओळ घेतली असती. कोणीच घेतली नाही. त्यांना घरी पाठवलं फौजेनं. या लोकांनी त्यांची जागा कोणाला दिली नाही."

ती आणखी एक पायरी चढली. आता ती वाफ तिच्या गालाला लागत होती.

"त्यांनी नाही भरली. तुम्हीही भरू नका. आणि..." तिचा आवाज कापला. "मला तुम्ही हवे आहात. इथं. तिकडे नको."

मार्च त्या ओळीपाशी आला होता. क्लॅरिनेट थांबले. ढोल हलका झाला. शरयूनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं, पहिल्यांदाच त्याला तिचा बँड ऐकू येतोय. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ओठ हलत होते. वडिलांची ओळ तो मनातल्या मनात म्हणत होता. पण कॉर्नेट त्यानं खाली आणला, हळूहळू, दोन्ही हातांनी.

ओळ संपली. क्लॅरिनेट पुन्हा उचलले गेले, आणि मार्च त्याच्याशिवाय पुढे गेला, शेवटपर्यंत. मग एकेक वाद्य गप्प होत गेलं. ढोल सगळ्यांत मागून. चबुतऱ्यावर दोनच माणसांच्या श्वासाची वाफ उरली.

"शरयू," तो म्हणाला, "फार थंडी आहे."

"मग चला ना," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून त्याला खाली घेऊन आली. फाटकाशी विजयाबाई उभ्या होत्या. त्या शरयूकडे वळून म्हणाल्या, "घरी चल. चहा घे. आणि बघून घे सगळं. आम्ही मराठे, आमच्यात मटण शिजतं. चालेल तुला?"

"मला रांधता नाही येणार," शरयू म्हणाली. "वास सोसायला शिकेन."

विजयाबाई हसल्या, आणि त्यांना हसताना पाहून सूर्याजीलाही रडता रडता हसू आलं.

नानांना मात्र हसू आलं नाही. नाना, म्हणजे लक्ष्मीकांतपंत, दरबारच्या कचेरीतून निवृत्त झालेले. राज्य गेलं, हुद्दा गेला, आता मुलगीही परजातीत जाणार. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "तुझी आवड पहिल्यापासून अशीच," आणि त्यानंतर त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं. सूर्याजी खात्याबरोबर भोपाळला गेला. फेब्रुवारीत रजा काढून आला आणि कलेक्टर कचेरीत दोघांचं नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. शरयूकडून आई तेवढी आली, डोळे पुशीत.

गाडी सकाळची होती. स्टेशनावर थंडीतलं शेवटचं धुकं इतकं दाट होतं की डब्यावरचे आकडे हात लावून वाचावे लागत होते. सूर्याजीनं सामान चढवलं. शरयू खिडकीशी बसून फलाटाकडे बघत राहिली, कोणी दिसत नव्हतं तरी. इंजिनानं शिटी दिली, आणि तेव्हाच खिडकीतून पाण्यानं भरलेली एक सुरई आत आली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. तिच्यामागे नानांचा हात. अंगठी, सुरकुत्या, कोटाची बाही... बाकीचे नाना धुक्यातच होते.

"नाना," शरयू म्हणाली. तिनं हात धरला. गाडी हलली तसा तो सुटला.

"तिथलं पाणी बाधतं म्हणतात," धुक्यातून आवाज आला, गाडीबरोबर थोडा चालत. "उकळून घ्या." मग चाकांच्या खडखडाटात, मागे पडत पडत, "दोघंही..."

सूर्याजीनं सुरई तिच्या मांडीवरून उचलली आणि सांडू नये म्हणून झाशी येईपर्यंत दोन्ही हातांत धरून बसला.