नुसतं साल

उद्याची तारीख आज संध्याकाळीच लिहून ठेवायचं काम तुम्ही कधी केलंय का?

मी करते. आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात शिरलं की समोरच एक काळा फळा दिसतो. त्यावर रोजचा दिनविशेष असतो. वर घटना, खाली डावीकडे जन्म आणि उजवीकडे मृत्यू. सकाळी पेन्शनर मंडळी पेपर वाचायला येतात. त्यांना फळा तयार लागतो, म्हणून तो आदल्या संध्याकाळी लिहायचा.

कित्येक वर्षं हे काम विष्णुपंतांकडे होतं. फॅक्टरीतून रिटायर झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांचं अक्षर पुसायला जिवावर यायचं. त्यांचा दोनचा आकडा तर शेपटी पायाशी घेऊन बसलेल्या मांजरासारखा दिसायचा. ते मागच्या हिवाळ्यात गेले आणि खडू माझ्या हाती आला. मी बारावीपर्यंतच शिकलेली, पण माझं अक्षर बरं आहे आणि घरही जवळ आहे.

त्या दिवशी एकवीस मे होती. ऊन उतरलं होतं. कूलरच्या ओल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वास खोलीभर पसरला होता. मी बावीस मेचा फळा लिहीत होते. घटनांमध्ये १९९७, जबलपूरचा भूकंप. जन्मात १७७२, राजा राममोहन रॉय. मृत्यूच्या रकान्यात दोन नावं लिहिली आणि हात झटकले.

भय्यासाहेब रोजच्या खुर्चीत होते. विष्णुपंतांचे ते जुने मित्र. पेपर खाली करून म्हणाले, "हेमलताबाई, शेवटचं ते नुसतं साल काहून सोडलं?"

"कोणतं साल?"

"विष्णू लिहायचा ना. बावीस मेला, मृत्यूत, सगळ्यात खाली. १९९७. पुढे नाव नाही."

मला आठवलं. दरवर्षी पाहिलं होतं. "भूकंप वर लिहिलाय की मी. खाली नाव नाही, गाव नाही, नुसतं साल कोण लिहितं? लोक म्हणतील, बाईला काही येत नाही."

"ते तर लोक आत्ताही म्हणून राहिले." भय्यासाहेब हसले. मग हसू आवरून म्हणाले, "पण ते साल भूकंपाचं नव्हतं हो..."

तेवढ्यात माझा फोन वाजला. जावयाचा, अमेयचा. माझी अवंती बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला कळा सुरू झाल्या होत्या. मी खडू तसाच फळ्याच्या कडेला ठेवला आणि निघाले.

हॉस्पिटलात अवंतीच्या पोटाला पट्टा बांधला होता. बाळाचे ठोके मशीनमधून ऐकू येत होते. टपटप, टपटप, आणि मधेच एक लांब जागा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठोके मधेच मंद होताहेत. लक्ष ठेवून आहोत. गरज पडली तर ऑपरेशन करू."

अवंतीने माझा हात धरला. "आई, ठोका चुकला की तू माझ्याकडे बघू नको. मला तुझ्या तोंडावरून कळतं."

मी खिडकीकडे तोंड केलं. तिला मुलगी होईल असं मला वाटत होतं आणि तिच्यासाठी एक नावही मी मनात ठेवलं होतं. बारशाआधी नाव बोलायचं नाही, म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं.

दिवेलागणीला बळीरामचा फोन आला. तो मंडळाचा चपराशी. आवाज अगदी दबलेला.

"दीदी, आपने बोर्ड पे बाद में कुछ लिखा क्या?"

"नाही रे. का?"

"मृत्यूच्या खाली यंदाचं साल लिहून आहे. मी पुसलं. झाडू मारून आलो, तो फिर वही..."

"नाव काय लिहिलंय?"

"नाव नाही, दीदी. पुढे जागा सोडली आहे."

मी कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. उद्याच्या तारखेला ज्याला नावच नसेल, असं माझ्या ओळखीत एकच माणूस होतं. ते भिंतीपलीकडे माझ्या मुलीच्या पोटात होतं आणि त्याचा ठोका चुकत होता.

अमेयला म्हटलं, "तू इथून हलू नको. मी आलेच." ऑटो केला.

मंडळाच्या गल्लीतली वीज गेली होती. भय्यासाहेब पायरीवर बसलेले. बळीराम मोबाईलचा टॉर्च घेऊन दाराबाहेर उभा, आत पाऊल टाकायला तयार नव्हता.

"भय्यासाहेब, ते साल कोणाचं होतं?"

ते पायरीवरून उठले. "विष्णूच्या नातीचं. मुलगी बाळंतपणाला आली होती त्याच्याकडे. बारसं चार दिवसांवर आलेलं. पहाटे जमीन हलली आणि खोलीची भिंत पाळण्यावर... नाव ठेवलंच नव्हतं. म्हणून तो नुसतं साल लिहायचा. म्हणायचा, निदान एक दिवस तरी तिची जागा तिला मिळते."

मी बळीरामच्या हातातून टॉर्च घेतला आणि आत गेले.

आत खसाचा वास नव्हता. ओवा आणि बाळंतशोपा निखाऱ्यावर टाकल्या की येतो तो धुरीचा वास होता, गरम, त्यात दुधाचा वास मिसळलेला. जिथे वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांशिवाय काही नव्हतं, त्या खोलीत. कुठेतरी हळू करकर ऐकू येत होती. पंखा तर बंद होता. करकर एका लयीत होती... एकदा इकडे, एकदा तिकडे. पाळण्याला झोका दिल्यासारखी.

फळ्यावर टॉर्च धरला. यंदाचं साल. त्यातले दोनचे आकडे मांजरासारखे बसलेले.

मी फडकं ओलं करून पुसलं. फळा काळाभोर झाला. मग ओल सुकू लागली, आणि ओल्या भिंतीला मिठाचा पांढरा लोणा फुटावा तसे आकडे हळूहळू आतून वर आले.

"दीदी, चलो..." बळीराम बाहेरून म्हणाला. "सुबह देखेंगे."

"सकाळपर्यंत थांबता येणार नाही, बळीराम."

मला भीती वाटली नाही असं नाही. पण एक गोष्ट मला स्पष्ट दिसत होती. मी एका लेकराची जागा गाळली होती, आणि ते दुसरी जागा शोधत होतं. जागा परत देणं माझ्या हातात होतं. खडू ठेवला होता तिथेच सापडला. हाताला कोमट लागला.

"बाळा," मी म्हटलं, "तुझं राहिलं होतं. लिहिते हं."

मृत्यूच्या रकान्यात मी ठसठशीत लिहिलं, १९९७. तिथेच थांबणार होते. पण करकर थांबली नाही, उलट जवळ आली, माझ्या खांद्यामागे. मग मी त्या सालापुढे माझ्या मनातलं नाव लिहिलं. स्वानंदी.

करकर थांबली.

मी यंदाचं साल पुन्हा पुसलं आणि फळा पूर्ण सुकेपर्यंत उभी राहिले. आकडे आले नाहीत.

बळीरामने दारातून डोकावून पाहिलं. "दीदी, ये किसका नाम है?"

"आजपासून तिचं," मी म्हटलं. खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.

हॉस्पिटलात पोचले तर अमेय दारातच भेटला. "आई, ठोके नीट झाले. डॉक्टर म्हणाल्या, आपोआपच झाले."

पहाटे अवंतीला मुलगी झाली. ऑपरेशन लागलं नाही. दोघी सुखरूप होत्या. नर्सने बाळ माझ्या मांडीवर दिलं. मी वाकून तिच्या टाळूचा वास घेतला, तर ओव्याच्या धुरीचा वास आला. तिला अजून कोणी धुरी दिलेली नव्हती.

सकाळी मी पेढे घेऊन वाचनालयात गेले आणि पर्समधल्या किल्लीने कुलूप काढलं. मृत्यूच्या रकान्यात १९९७ पुढची जागा पुन्हा मोकळी होती. जन्माच्या रकान्यात सगळ्यात खाली विष्णुपंतांच्या अक्षरात यंदाचं साल होतं, आणि त्यापुढे लिहिलं होतं, स्वानंदी.