थाळी वळली की बोलती बंद!

आमच्या उंबरखोऱ्यात मोबाइल चालत नाही. चुकलं, आम्ही तो चालू देत नाही! खोऱ्यात शिरताना नाक्यावरच सगळ्यांचे फोन पेटीत ठेवून घेतात. मग तो मोठा साहेब असो, नाहीतर माझा मामेभाऊ निहार.

हा निहार पुण्याचा. सुट्टीत आला आणि पहिल्याच दिवशी नाक मुरडून म्हणाला, “शाल्मली, तुमच्याकडे अजून वायरी? आमच्याकडे वायर बघायला संग्रहालयात जावं लागतं!”

अस्सा राग आला मला! “अरे शहाण्या,” मी म्हटलं, “डोंगराखाली त्या अवाढव्य थाळ्या दिसतात ना, त्या रेडिओ दुर्बिणी आहेत (आकाशातून येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी टिपणारी यंत्रं). त्या लहरी इतक्या क्षीण असतात की शेजारी एक मोबाइल सुरू असला तरी कारभार आटोपला. डीजे दणदणतोय आणि कुणी कानात कुजबुजतंय, काय डोंबल ऐकू येणार? म्हणून आमचा प्रत्येक निरोप तारेतून जातो. अख्ख्या देशाचा कान आहे आमचं खोरं!”

तरी निहारचं तोंड वाकडंच होतं.

आता खरी गोष्ट सांगते. मोठ्या थाळ्यांच्या शेजारी एक छोटी थाळी आहे, ती आमच्या शाळेची. सातवीच्या वर्गाने वर्षभर खपून उभी केली आणि तिच्या सगळ्या तारा मी जोडल्या. कौतुक सांगते असं वाटेल, वाटू दे. सांगण्यासारखंच आहे.

त्या दिवशी ‘दूरगामी’ नावाचं आपलं यान नेपच्यून ग्रहाच्या आडून बाहेर येणार होतं. नेपच्यूनजवळून ते एकदाच जाणार, पुढे सूर्यमालेबाहेर, ते कायमचंच. त्याच्या रेडिओ लहरींचा बारीकसा आवाज टिपायला खोऱ्यातल्या सगळ्या थाळ्या एकत्र कान लावणार होत्या. आमची थाळी दुपारपर्यंत नीट वळून दाखवेल, तर तीही त्यांच्यात बसणार होती. नाहीतर राहिलं. यान काही आमच्यासाठी परत फिरून येणार नव्हतं.

आणि त्याच सकाळी थाळीने दगा दिला.

“वळ” म्हटलं की वळायला लागायची आणि वीतभर सरकून थांबायची. आपण कुठे आहोत तेही सांगेना. तिला वळवणारी मोटार थांबली की पुन्हा शहाण्यासारखी उत्तरं देऊ लागायची. वळली की बोलती बंद, थांबली की सुरू. असं कधी झालंय का? कालपर्यंत तर छान चालत होती!

माझी मालनआत्या मोठ्या थाळ्यांच्या केंद्रात शास्त्रज्ञ आहे. ती थाळीखालच्या आमच्या खोलीत आली, तेवढ्यात भिंतीवरचा तारेचा फोन वाजला. केंद्रातून विचारत होते, मुलांची थाळी यादीतून काढायची का?

“मुळीच नाही!” मी मधेच ओरडले. “माझ्या जोडणीत चूक नाहीये!”

“सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही या पोरीचा,” आत्या फोनवर हात ठेवून म्हणाली. मग फोनवर म्हणाली, “दुपारपर्यंत थांबा.”

फोन ठेवून तिने बाही वर सारली. “शाल्मले, रडू नको आणि भांडूही नको. या थाळीला तीन तऱ्हेच्या तारा आहेत. कुठली आजारी ते आधी शोध. निहारला समजावत समजावत शोध, म्हणजे तुलाही समजेल.”

मी नाक पुसलं आणि निहारला थाळीच्या पायाशी नेलं.

“ही जाड काळी दिसते ना, ही समाक्ष केबल (एकाच मध्याभोवती थरावर थर असलेली तार). मक्याचं कणीस सोलतोस तसं बघ. आत तांब्याची तार, तिच्यावर प्लॅस्टिकचा थर, त्यावर धातूची जाळी आणि वरून साल. थाळीने टिपलेला आवाज आतल्या तारेतून येतो आणि बाहेरचा गोंगाट जाळीवर अडतो. आणि हा तिचा कनेक्टर (तारेच्या टोकाचं जोडतोंड). जुन्या बल्बसारखा खोचायचा आणि पिळायचा, की पक्का बसतो.”

निहारने हलवून पाहिला. “घट्ट आहे.”

“म्हणजे ही नाही. आता ही पिवळी, केसाएवढ्या काचेच्या तंतूची, प्रकाशतंतू म्हणतात हिला. हिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. तो काचेच्या कडेवर आपटून पुन्हा आत वळतो, परत आपटतो, परत वळतो, असं करत केंद्रापर्यंत पोचतो.”

“मोटारीने तो बिघडेल?”

“बिघडेल कसा? मोटारीची वीज प्रकाशाला काय करणार! हिचा मोठा वैरी म्हणजे धूळ. कनेक्टरच्या तोंडावर एक कण बसला की वाट अडली. म्हणून टोपण घालून ठेवतो.” आम्ही भिंगातून तोंड तपासलं. लख्ख होतं.

“मग सगळीकडे हीच का नाही लावली?” निहारने विचारलं. प्रश्न बरा होता, मान्य करायलाच हवं.

“हिचे तुकडे जोडायला वेगळं यंत्र लागतं, आणि फार वाकवली तर मोडते. खोलीतून मोटारीपर्यंत हुकूम न्यायचे एवढ्याशा अंतरावर, तिथे तिसरी तार पुरते. आत तांब्याच्या आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींना वेढून पिळलेली. हिचं जोडतोंड आपण हाताने बसवू शकतो. आठ खाचांचा पारदर्शक प्लग, खटकन बसतो तो.”

“पण पिळायच्या कशाला? सरळ ठेवल्या तर काय बिघडतं?”

इथे माझी गाडी अडली. पिळलेल्या असतात हे ठाऊक होतं, का ते कधी विचारलंच नव्हतं. मी आत्याकडे बघितलं.

“तुम्ही दोघं हात धरून शाळेत निघालात,” आत्या म्हणाली. “ऊन डावीकडून येतंय. काय होईल?”

“डावीकडचा भाजेल,” निहार म्हणाला.

“आणि दर चार पावलांनी जागा बदलली तर?”

“दोघंही सारखेच भाजू!”

“बस्स. मोटार फिरते तेव्हा तिच्या जाड तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं (चुंबकाचा असर जिथवर पोचतो ती जागा). ते शेजारच्या तारांमध्ये नको असलेली वीज घुसवतं. जोडीत पीळ असला की कधी ही तार मोटारीकडे, कधी ती. दोघींना गोंगाट सारखाच लागतो. आणि पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा मोजतं. निरोप असतो तो त्या फरकात. गोंगाट दोघींत सारखाच, म्हणजे फरकातून तो आपोआप वजा झाला.”

माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. “आत्या! पीळ नसेल तर गोंगाट वजा होणारच नाही! आणि मोटार थांबली की गोंगाटच नाही, म्हणून सगळं ठीक!”

मी धावत जाऊन भिंतीवरची तारांची नळी उघडली. आणि बघते तर काय! माझ्या तारेची साल हातभर सोललेली, आठही तारा पट्टीने आखल्यासारख्या सरळ, आणि वर मोटारीच्या जाड तारेला चिकटवून सुंदर बांधलेल्या.

“टापट्या!” मी किंचाळले.

टापट्या म्हणजे आमचा यंत्रमानव. वस्तू जागच्या जागी ठेवायला शाळेने आणलेला. वायरलेस बंदी त्यालाही लागू, म्हणून त्याचा मेंदू खोलीतल्या संगणकात आणि पाठीतून निघालेली लांबलचक तार भिंतीत. आम्ही तिला शेपटी म्हणतो.

“काल संध्याकाळी मी नळी आवरली,” टापट्या अभिमानाने म्हणाला. “तारांमध्ये खूप गुंता होता. एकेक पीळ मी काळजीपूर्वक सोडवला. छान दिसतंय ना?”

निहार पोट धरून हसायला लागला. मला हसावं की रडावं कळेना. नवी तार केंद्राच्या कोठारात, डोंगराच्या पलीकडे. जाऊन येईपर्यंत दुपार टळली असती. मी जमिनीवर बसले आणि खरंच रडायला लागले. वर्षभराची मेहनत, आणि अशी जाणार?

टापट्याने सरळ केलेल्या तारांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “गुंता आणि पीळ यांत फरक असतो, हे मला माहीत नव्हतं. माझी शेपटी घ्या. तिचे पीळ मी सोडवलेले नाहीत.”

“अरे, पण मग तू बंद पडशील! यानाचा आवाज तुला ऐकता येणार नाही.”

“थाळीला तर येईल ना?”

मला त्याची शेपटी कापवेना. पण वेळ नव्हता. आत्याने होकारार्थी मान डोलावली आणि मी टापट्याच्या पाठीपाशी शेपटी कापली. तो होता तसाच उभा राहिला.

शेपटीच्या भिंतीकडच्या टोकाला प्लग होताच, दुसऱ्याला प्लग बसवायचा होता. साल काढली. जोड्यांचे पीळ फक्त नखाएवढे सोडवले, त्याहून एक रेघ जास्त नाही. निहार पाढ्यासारखा रंग म्हणू लागला, “पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी!” मी प्लगमध्ये तारा सरकवल्या आणि क्रिम्पिंगची पक्कड (प्लगचे दात तारांत रुतवणारी) दाबली. टेस्टर (दर तारेमागे एक दिवा असलेली तपासणीची डबी) लावला तर तिसरा दिवा पेटेना. एक तार तळापर्यंत गेलीच नव्हती. प्लग कापून टाकला, पुन्हा पहिल्यापासून. या वेळी सगळे दिवे पेटले!

तार मोटारीच्या तारेपासून हातभर दूर, वेगळ्या नळीतून ओढली. प्लग खटकन बसला. मी हुकूम दिला, “वळ.”

थाळी वळली. वीतभर गेली, हातभर गेली, आणि वळतच राहिली. प्रत्येक क्षणी पडद्यावर सांगत होती, मी इथे आहे, आता इथे आहे.

केंद्राने थाळ्यांची हजेरी घेतली. मोठ्या थाळ्यांचे आकडे संपले आणि फोनवर आवाज आला, “मुलांची थाळी?”

मी इतक्या जोरात “हजर!” ओरडले, की आत्याने कानावर हात ठेवले.

दुपार कलली तेव्हा पडद्यावरच्या खरखरीतून एक बारीक रेघ वर आली. नेपच्यूनहून चार तासांपूर्वी निघालेला आवाज! आमच्या थाळीतून, आमच्या तारांतून आला होता. आत्या डोळे टिपत होती आणि ते लपवतही नव्हती. मी तर त्या रेघेवर बोट ठेवून “आमची, आमची!” एवढंच ओरडत राहिले.

दुसऱ्या दिवशी नवी तार आली. टापट्याच्या नव्या शेपटीचा प्लग निहारने बसवला, पहिल्याच फटक्यात. टापट्याचे डोळे उजळले आणि त्याने विचारलं, “थाळी वळली?”

“वळली रे राजा,” मी म्हटलं आणि त्याला ती रेघ दाखवली. तो किती तरी वेळ बघत राहिला.

संध्याकाळी केंद्राचे लोक शाळेत आले. त्यांनी सांगितलं, पुढच्या थाळ्या चंद्रावर उभ्या राहणार आहेत, त्याच्या पलीकडच्या अंगाला. तिथे पृथ्वीचा गोंगाट पोचतच नाही, म्हणून तिथेही वायरलेसला बंदी. सगळं काम तारांचं. दहा-बारा वर्षांनी तिथे जाऊन तारा ओढायला माणसं लागतील, तर कुणाकुणाला आवडेल?

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर होता. शेजारी बघितलं, तर निहारचाही.